खोकला साधा की डांग्या? कानाने ऐका, घड्याळाने मोजा

पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांतून रात्री खोकल्याचे आवाज सुरू होतात. एका खोलीतले मूल खोकते, थोड्या वेळाने भिंतीपलीकडचे खोकते. आई उठून पाठ चोळते. बाप दिवसभराच्या कामाने थकलेला असतो. तो कूस बदलून म्हणतो, ‘‘खोकलाच आहे, जाईल.’’ बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरेही ठरते. सर्दीचा साधा खोकला आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातो. त्याला औषधाचीही फारशी गरज नसते.

पण काही खोकले असे असतात की ते ‘जाईल’ म्हणून वाट पाहण्याचे नसतात. त्यातला एक डांग्या खोकला आणि दुसरा न्युमोनियाचा खोकला. हे दोन्ही आजार तान्ह्या मुलांचा जीव घेतात आणि दोन्ही आजार वेळीच ओळखता येतात. ओळखण्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. ऐकणारा कान, पाहणारा डोळा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढे घरात असले की पुरे. मातांनो, आणि घरातील वडीलधाऱ्या मंडळींनो, हा लेख आम्ही त्यासाठीच लिहीत आहोत.

डांग्या खोकला कसा ओळखावा?

डांग्या खोकल्याचा जंतू बेल्जियममधील ज्यूल बोर्दे आणि ऑक्टेव्ह जाँगू या दोन शास्त्रज्ञांनी १९०६ साली शोधून काढला. खोकताना, शिंकताना उडणाऱ्या तुषारांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपत असतील, तर एकाचा खोकला घरभर व्हायला वेळ लागत नाही.

या आजाराची चाल फसवी आहे. पहिला आठवडा-दोन आठवडे तो अगदी साध्या सर्दीसारखा वाटतो. नाक गळते, थोडा खोकला येतो, ताप नसतो किंवा असला तरी बारीक असतो. याच दिवसांत तो सर्वांत जास्त पसरतो. कोणालाच संशय येत नाही, मूल सगळ्यांच्या कडेवर फिरत असते.

पुढे खोकल्याची उबळ सुरू होते. मूल एकामागून एक, मध्ये श्वास न घेता खोकत राहते. चेहरा लाल होतो, डोळ्यांतून पाणी येते, जीभ बाहेर पडते. उबळ संपली की ते जोराने श्वास आत ओढते आणि तेव्हा ‘हूऽप’ असा लांब आवाज येतो. मागोमाग चिकट कफ पडतो किंवा उलटी होते. अशा उबळी रात्री जास्त येतात आणि कित्येक आठवडे चालतात. चीनमध्ये या आजाराला ‘शंभर दिवसांचा खोकला’ म्हणतात ते उगाच नाही. जोराने खोकून डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरते, दरवेळी उलटी झाल्याने मूल खंगते.

यातील तीन गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ‘हूप’ आवाज काढण्याइतकी ताकदच नसते. ते कधी नीट खोकतही नाही. त्याचा श्वास मध्येच थांबतो, ओठ निळे-काळे पडतात, अंग ढिले होते. तान्ह्या बाळाचा श्वास एकदा जरी असा थांबला, तरी ते नंतर हसले-खेळले म्हणून घरी ठेवू नका. ताबडतोब इस्पितळात न्या.

दुसरी गोष्ट, ताप नाही म्हणजे आजार नाही, हा समज सोडून द्या. डांग्या खोकल्यात बहुधा ताप नसतोच.

तिसरी गोष्ट, दोन उबळींच्या मधल्या वेळात मूल अगदी धडधाकट दिसते. रात्रभर तळमळलेले पोर सकाळी दवाखान्यात डॉक्टरांपुढे शांत बसते आणि डॉक्टरही ‘साधा खोकला’ म्हणून परत पाठवण्याची शक्यता असते. म्हणून रात्री उबळ आली की मोबाईलवर तिचे चित्रण करून ठेवा आणि ते डॉक्टरांना दाखवा. शंभर शब्दांत सांगून जे कळणार नाही, ते त्या अर्ध्या मिनिटात कळेल.

डांग्या खोकल्यावर जंतुनाशक औषध आहे. ते सुरुवातीला मिळाले तर आजार सौम्य होतो. उबळी सुरू झाल्यावर दिले तर उबळी लगेच थांबत नाहीत, पण दुसऱ्यांना होणारी लागण थांबते. औषध सुरू झाल्यावर पाच दिवस मुलाला शाळा, अंगणवाडी व इतर मुलांपासून दूर ठेवावे. औषध घेतले नाही तर उबळी सुरू झाल्यापासून तीन आठवडे तो आजार दुसऱ्याला लागू शकतो. घरात तान्हे बाळ किंवा गरोदर बाई असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. बरोबरच्या माणसांनाही औषध द्यावे लागते.

दोन मास्तरणींनी तयार केलेली लस

डांग्या खोकल्याची लस कशी तयार झाली, ती हकीकत आपल्या मुलींना सांगण्यासारखी आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत मोठी मंदी होती, लाखो लोक बेकार होते. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स गावी सरकारी आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन स्त्रिया कामाला होत्या. दोघीही आधी शाळेत शिकवीत असत. दोघींनाही लहानपणी डांग्या खोकला होऊन गेलेला होता. १९३२ पासून त्यांनी नेमून दिलेले काम संपल्यावर संध्याकाळी गोरगरिबांच्या घरोघर फिरायला सुरुवात केली. खोकणाऱ्या मुलाच्या तोंडापुढे काचेची बशी धरायची, तिच्यावर उडालेले जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे आणि त्यातून लस तयार करायची, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी हजारो मुलांवर लसीची नीट तुलना करून चाचणी घेतली आणि ती उपयोगी असल्याचे सिद्ध केले. पुढे १९४० च्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेत लोनी गॉर्डन ही कृष्णवर्णीय तरुणी आली. लसीसाठी योग्य असा जोरकस जंतू शोधून काढण्यात तिचा मोठा वाटा आहे. ज्या देशात तिच्या समाजाला गोऱ्यांच्या शेजारी बसायला मज्जाव होता, त्या देशातल्या सर्व वर्णांच्या मुलांना तिच्या कामाचा फायदा झाला.

त्याआधीचा काळ कसा होता, हे आपल्याला परक्यांकडून ऐकण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आणि माता रमाई यांना पाच अपत्ये झाली. त्यांपैकी चार लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. एकटे यशवंतराव जगले. त्या वेळी मुलांना या आजारांपासून वाचवणारी डांग्या खोकल्याची लसही नव्हती आणि पेनिसिलिनही नव्हते. बॅरिस्टराच्या घरची ही स्थिती, मग चाळीतल्या गिरणी कामगाराच्या घरची काय असेल? आज लस आहे, औषध आहे आणि तेही सरकारी दवाखान्यात फुकट आहे. असे असताना आपल्या वस्तीतले एखादे मूल डांग्या खोकल्याने दगावले, तर त्याला नशीब म्हणता येणार नाही.

लस आहे म्हणून आजार संपला, असेही समजू नका. जपानमध्ये १९७४ साली सुमारे ८० टक्के मुलांना ही लस मिळत होती. लसीनंतर दोन मुले दगावल्याच्या बातमीने घबराट पसरली, लसीकरण थांबले आणि १९७६ पर्यंत लस घेणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांवर आले. १९७९ साली तिथे डांग्या खोकल्याची साथ आली. १३ हजारांहून अधिक जणांना आजार झाला आणि ४१ जण मेले. लस मागे घेतली की जंतू परत येतो, हे जपानने जीव देऊन शिकले. कोविडनंतर २०२४ साली ब्रिटन आणि चीनमध्येही डांग्या खोकल्याने पुन्हा डोके वर काढले. ब्रिटनमध्ये त्या वर्षी काही तान्ही बाळे दगावली.

दीड, अडीच, साडेतीन

आपल्याकडे बाळाला दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने पूर्ण झाले की ‘पेंटा’ नावाची लस मांडीत देतात. या एका सुईत पाच आजारांची लस असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारा न्युमोनिया व मेंदूज्वर. पुढे १६ ते २४ महिन्यांत आणि पाच-सहा वर्षांचे असताना डीपीटीचे बूस्टर डोस असतात. न्युमोकोकस या न्युमोनियाच्या दुसऱ्या जंतूवरील लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर सुरू झाली. ती दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयात देतात. नवव्या महिन्यापासून गोवर-रुबेलाची लस असते. गोवर झाल्यावर न्युमोनिया होऊन मुले दगावतात, म्हणून ती लसही छातीच्या रक्षणाचीच समजा.

आपल्या घरांतून डोस का चुकतात, याची कारणे आम्हाला ठाऊक आहेत. ती आळसाची नाहीत.

एक कारण सुईनंतर येणाऱ्या तापाचे. बाळ रात्रभर रडते, आईला दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत नाही, चार घरच्या धुण्याभांड्यांचा खाडा होतो. मग पुढच्या डोसला ‘नको बाई’ असे होते. हा ताप एक-दोन दिवसांचा असतो. नर्सबाईंनी दिलेले तापाचे औषध सांगितलेल्या मापाने द्यावे, सुईची जागा चोळू नये, बाळाला अंगावर पाजत राहावे. एका खाड्याचा तोटा खरा आहे, पण डांग्या खोकला झाला तर महिना-दीड महिना घर बांधले जाते. त्या दिवशी आजीने, नवऱ्याने किंवा शेजारणीने बाळ सांभाळावे. बाळ एकट्या आईचे नाही.

दुसरे कारण गाव बदलण्याचे. पहिले बाळंतपण माहेरी, पहिला डोस माहेरी, मग सासरी आल्यावर दुसरा कुठे घ्यायचा ते कळत नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा बांधकामावर गेलेल्या कुटुंबांचेही असेच होते. लसीकरणाचे कार्ड बरोबर असेल तर पुढचा डोस कोणत्याही सरकारी केंद्रात मिळतो. मध्ये खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेल्या डोसापासून पुढे चालू करतात. वर्षाच्या आत पेंटाचा एकही डोस मिळाला नसेल तरी सात वर्षांपर्यंत डीपीटी देता येते. म्हणून ‘आता उशीर झाला’ म्हणून घरी बसू नका. गाव सोडताना भांडीकुंडी बांधाल त्याआधी हे कार्ड बांधा.

आता पहिल्या दीड महिन्याचा प्रश्न. त्या काळात बाळाला स्वतःची लस नसते आणि डांग्या खोकल्याने सर्वाधिक धोका त्यालाच असतो. लसीची ताकद काही वर्षांनी कमी होते. त्यामुळे मोठ्या माणसांना हा आजार नुसत्या रेंगाळणाऱ्या खोकल्याच्या रूपात होतो आणि बाळाला तो बहुधा घरच्याच माणसाकडून लागतो. म्हणून ज्याला खोकला आहे त्याने बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नये, मग तो मामा असो की आत्या. बारशाला आलेल्या पाहुण्यांनी बाळाचे मुके घेऊ नयेत. सांगताना संकोच वाटेल, पण सांगा. आईलाच खोकला असेल तर तिने तोंडाला फडके बांधून पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये. गरोदरपणी सरकारी दवाखान्यात मिळणारी टीडीची सुई धनुर्वात आणि घटसर्पापासून वाचवते, डांग्या खोकल्यापासून नाही. डांग्या खोकल्याचा अंश असलेली गरोदर स्त्रियांची लस खाजगीत मिळते, पण ती महाग असते. ज्यांना परवडेल त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

एक मिनिट श्वास मोजा

न्युमोनिया ओळखण्याची किल्ली श्वासाच्या वेगात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना हे शिकवले. ज्यांना अंक मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे साधन तयार केले. गावातच न्युमोनिया ओळखून गावातच औषध मिळू लागले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्या गावांत हे काम झाले तिथे न्युमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहूनही कमी होते. न शिकलेल्या बाया हे करू शकल्या, तर आपल्या घरातली दहावी-बारावी झालेली पोरगी का करू शकणार नाही?

पद्धत अशी. मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना त्याचा सदरा वर करा. पोट किंवा छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. रडत असताना किंवा दूध पीत असताना मोजू नका.

दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त,
दोन महिने ते एक वर्षाच्या आतील मुलाचे ५० किंवा जास्त,
एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त,

असे भरले तर ते न्युमोनियाचे लक्षण समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास पुन्हा एकदा मोजून खात्री करावी.

याशिवाय श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, मूल पाणी किंवा दूध पीत नसेल, खाल्लेले सगळे उलटून पडत असेल, झटके येत असतील, मूल गळून गेले असेल, हाक मारली तरी डोळे उघडत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर मोजत बसू नका. रात्र असली तरी १०८ क्रमांकाला फोन लावा आणि मोठ्या इस्पितळात न्या.

आणखी काही खोकले ओळखून ठेवावेत. कुत्रे भुंकल्यासारखा घोगरा खोकला आणि श्वास घेताना घशात आवाज आला तर डॉक्टरांना दाखवावे. शेंगदाणा, फुटाणा खाताना ठसका लागून अचानक खोकला सुरू झाला तर दाणा श्वासनळीत गेला असेल. लगेच इस्पितळात जावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, वजन घटणे आणि घरात कोणाला टीबी, असे असेल तर मुलाची टीबीची तपासणी करून घ्यावी. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

काय करावे, काय टाळावे?

साध्या खोकल्यात मुलाला अंगावरचे दूध किंवा कोमट पातळ पदार्थ थोडे थोडे, वारंवार द्यावेत. उलटी झाली तर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाजावे. नाक चोंदले असेल तर मऊ कापडाने साफ करावे. वर्षावरील मुलाला झोपताना थोडा मध द्यावा. वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये.

खोकल्याचे औषध दुकानातून आपल्या मनाने आणू नका. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुलांच्या किडन्या निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्या औषधात डायथिलीन ग्लायकोल हे विष निघाले. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याचे औषध देऊच नये आणि पाच वर्षांपर्यंत सहसा देऊ नये, असे सरकारनेही तेव्हा बजावले. मागच्या वेळची उरलेली जंतुनाशक गोळी फोडून पाजणे हेही तितकेच घातक आहे.

ब्रँडीचे थेंब, नाकात तेल, नाकपुडीत बाम हे सगळे बंद करा. बाळंतिणीच्या खोलीत कोंडून दिलेली धुरी, चुलीचा धूर, मच्छरची अगरबत्ती आणि बापाची विडी यांनी बाळाच्या छातीला इजा होते. विडी ओढणाऱ्याने घराबाहेर जावे, आणि सोडता आली तर त्याहून बरे.

अंगारा, ताईत, दृष्ट काढणे आणि पोटावर डागणे या गोष्टींविषयी आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तरी संकटात मन डगमगते आणि कोणी म्हातारी ‘एकदा करून तर बघ’ म्हणते. न्युमोनियाच्या मुलाला भगताकडे नेण्यात गेलेली एक रात्रही फार महाग पडते.

शेवटी एक सूचना. पावसाळ्यात खोकल्याचा जोर असतो आणि त्याच दिवसांत वर्षावासानिमित्त आपल्या विहारांत ग्रंथवाचनाला भगिनी रोज जमतात. महिला मंडळांनी आठवड्यातून एक दिवस वाचनानंतर पाव तास काढावा. पाच वर्षांखालील मुलांची कार्डे मागवावीत, चुकलेले डोस वहीत लिहावेत आणि आशाताईंना बोलावून पुढच्या लसीकरणाच्या दिवशी त्या मुलांना घेऊन जावे. ज्या आईचा खाडा होणार असेल तिच्या बाळाला दुसरीने न्यावे. श्वास कसा मोजायचा ते एकीने दहाजणींना दाखवावे. कोणत्या वस्तीने हे केले, किती मुलांचे राहिलेले डोस पूर्ण झाले, ते आम्हाला कळवा. इतर वस्त्यांनाही त्यातून हुरूप येईल, म्हणून या पानावर ते आम्ही आनंदाने छापू.